चार सेकंदांत ‘नाही’ म्हणता येते का?

प्रश्न : मी सात वर्षांपासून कॉम्प्युटर व्हिजनमध्ये काम करते. ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून पूल, धरणे आणि वीजवाहिन्यांमधले दोष ओळखणारे सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते. तीन महिन्यांपूर्वी कंपनीने एका शस्त्रनिर्मात्याचे काम घेतले. आकाशात घिरट्या घालून लक्ष्यावर झेपावणाऱ्या स्फोटक ड्रोनसाठी वाहने ओळखणारे मॉडेल आम्हाला तयार करायचे आहे. संपर्क चालू असेल तेव्हा ऑपरेटरच्या स्क्रीनवर लक्ष्याभोवती चौकट उमटेल आणि हल्ला रद्द करायला त्याला चार सेकंद मिळतील. संपर्क जॅम झाला तर ड्रोनने शेवटचा टप्पा स्वतः पार करावा, अशी अपेक्षा आहे. ‘निर्णय माणसाचाच आहे, मग तुम्हाला अडचण कसली?’ असे माझे वरिष्ठ विचारतात. माझा मोठा भाऊ सैन्यात आहे. या यंत्रामुळे एक जरी सैनिक वाचणार असेल तर तू मागे हटू नयेस, असे त्याचे म्हणणे आहे. मला रात्र रात्र झोप लागत नाही. घरखर्चाचा मोठा भाग माझ्या पगारावर चालतो. मी हे काम करावे की नोकरी सोडावी?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

‘करा’ किंवा ‘सोडा’ असे एका शब्दाचे उत्तर मी तुम्हाला आज देऊ शकत नाही, कारण ज्या माहितीवर ते उत्तर ठरेल ती तुमच्या पत्रात नाही, आणि पत्र वाचून असे वाटते की ती तुम्हालाही अजून कोणी दिलेली नाही. ती मिळवणे हे तुमचे पहिले काम आहे. ती कशी मिळवावी, आलेल्या उत्तरांचा अर्थ कसा लावावा आणि कोणते उत्तर आल्यावर तुम्ही या कामातून बाजूला व्हावे असे मला वाटते, हे मात्र मी स्पष्टपणे सांगणार आहे.

तुमच्या वरिष्ठांच्या वाक्यापासून सुरुवात करू. ‘निर्णय माणसाचाच आहे’ हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की ते खरे आहे का, हे तपासून पाहण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. हे सदर लिहू लागण्यापूर्वी मी बरीच वर्षे रासायनिक कारखान्यांच्या नियंत्रण कक्षांसाठी सुरक्षा प्रणाली तयार करत असे. एका कारखान्यात धोक्याचा भोंगा प्रत्येक पाळीत शेकडो वेळा वाजे आणि त्यातले बहुतेक इशारे निरर्थक असत. पाळीवरचे लोक अनुभवी होते, प्रामाणिक होते. तरीही भोंगा वाजला की त्यांचा हात आपोआप तो बंद करणाऱ्या बटणाकडे जाई. एके रात्री खरा इशारा आला आणि तोही तसाच बंद केला गेला. जीवितहानी झाली नाही हे सुदैव. चौकशीत ठपका पाळीवरच्या माणसावर आला. ती प्रणाली रचणाऱ्यांपैकी मी एक होतो आणि त्या अहवालात माझे नाव कुठेही नव्हते, ही गोष्ट मला आजही टोचते. कागदावर तिथेही निर्णय माणसाचाच होता.

शस्त्रांच्या इतिहासात हेच अधिक भीषण रूपात घडलेले आहे. इराक युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात, २३ मार्च २००३ रोजी, अमेरिकेच्या पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेने तळावर परतणारे ब्रिटिश हवाई दलाचे टॉर्नेडो विमान पाडले आणि त्यातील दोघेही मृत्युमुखी पडले. यंत्रणेने मित्रराष्ट्राच्या त्या विमानाची गणना रडारचा वेध घेत येणाऱ्या क्षेपणास्त्रात केली होती. दहा दिवसांनी, २ एप्रिलला, पॅट्रियटने अमेरिकी नौदलाचेच एफ/ए-१८ विमान पाडले आणि त्याचा वैमानिक मारला गेला. पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सल्ला देणाऱ्या विज्ञान मंडळाने या यंत्रणेच्या कामगिरीचा अभ्यास केला, तेव्हा तिची कार्यपद्धती बहुतांशी स्वयंचलित होती आणि ती चालवणाऱ्यांना सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवण्याचेच प्रशिक्षण दिलेले होते, असे नोंदवले गेले. तिथेही खुर्चीवर माणूस बसलेला होता.

चूक नेहमी यंत्राचीच असते, असे मात्र यावरून समजू नये. ३ जुलै १९८८ रोजी ‘व्हिन्सेन्स’ या अमेरिकी युद्धनौकेने इराण एअरचे ६५५ क्रमांकाचे प्रवासी विमान पाडले आणि २९० माणसे मारली गेली. नौकेवरच्या एजिस या रडार व शस्त्रनियंत्रण यंत्रणेच्या नोंदींत विमान वर चढत असल्याचे दिसत होते. ते खाली झेपावत असल्याची समजूत माणसांची झाली होती. उड्डाणापासून विमान पडेपर्यंत सुमारे सात मिनिटांचा अवधी होता, आणि त्या अवधीत नौका इराणी बोटींशी चकमकीत गुंतलेली होती. यंत्राने योग्य माहिती दिली होती, पण ती वाचून समजून घेण्याची उसंत आणि मनःस्थिती त्या कक्षात नव्हती.

या दोन घटनांच्या शेजारी मी नेहमी तिसरी ठेवतो. २६ सप्टेंबर १९८३ रोजी सोव्हिएत संघाच्या उपग्रह यंत्रणेने अमेरिकेकडून पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचा इशारा दिला. पाळीवरचे अधिकारी स्तानिस्लाव्ह पेत्रोव्ह यांनी तो खोटा ठरवला, आणि तो खरोखरच खोटा होता. उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. पेत्रोव्ह यांच्या धैर्याचे कौतुक होते आणि ते योग्यच आहे, परंतु तुमच्यासारख्या अभियंत्याने त्यांच्या हाताशी काय काय होते तेही पाहावे. त्यांना काही मिनिटे मिळाली. त्या उपग्रहाखेरीज आणखी एक स्रोत होता, तो म्हणजे जमिनीवरचे रडार, आणि त्याला काहीही दिसत नव्हते. पहिला हल्ला कोणी अवघ्या पाच क्षेपणास्त्रांनी सुरू करणार नाही, हे जाणण्याइतके युद्धाचे ज्ञान त्यांच्यापाशी होते. आणि इशारा पुढे पाठवताना स्वतःचे मत नोंदवण्याची जागा त्यांच्या पदाला होती.

आता तुमच्या चार सेकंदांकडे पाहा. त्या चार सेकंदांत ऑपरेटरला जे दिसणार आहे ते तुमच्याच मॉडेलने निवडलेले चित्र आहे आणि त्यावर तुमच्याच मॉडेलने आखलेली चौकट आहे. दुसरा स्रोत नाही. चौकटीत रणगाडा आहे असे यंत्र सांगत असताना तो नाही असे म्हणण्यासाठी लागणारी माहिती त्याच्याकडे येणार कुठून? त्याहून गंभीर बाब म्हणजे तुमच्या रचनेत ऑपरेटर गप्प राहिला तर हल्ला होतो. त्याचे लक्ष क्षणभर विचलित झाले, दुसऱ्या ड्रोनचे चित्र समोर आले, स्क्रीन गोठली, तरी यंत्र त्याचा अर्थ संमती असाच घेणार. हे उलटे करता येते: ऑपरेटरने स्पष्ट मंजुरी दिल्याशिवाय ड्रोन झेपावणारच नाही अशी रचना करता येते. संगणकाच्या भाषेत हा फरक एका ओळीचा असेल, पण ‘निर्णय माणसाचा’ हे वाक्य खरे की खोटे हे त्याच ओळीवर ठरते. तुमचा पहिला आग्रह याच ठिकाणी असावा, आणि त्यासाठी तुम्हाला नीतिशास्त्राची पदवी लागत नाही. तो तुमच्या कामाचाच भाग आहे.

संपर्क तुटल्यानंतरच्या टप्प्याबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. जॅमिंग हा आजच्या युद्धाचा नित्याचा भाग झाला आहे. युक्रेनमधल्या युद्धाने तर शेवटच्या टप्प्यात स्वतः मार्ग काढणाऱ्या ड्रोनची मागणी फार वेगाने वाढवली. म्हणून ही अपेक्षा विचित्र नाही. मात्र ‘शेवटचा टप्पा स्वतः पार करणे’ या शब्दांत दोन अगदी वेगळी कामे लपलेली असतात. एका कामात माणसाने एक विशिष्ट वाहन पाहिलेले असते, ते लक्ष्य आहे असे ठरवलेले असते, आणि संपर्क तुटल्यावर ड्रोन फक्त त्याच वाहनाचा माग धरून ठेवतो. दुसऱ्या कामात संपर्क तुटल्यावर ड्रोन आपल्या परिसरात वाहने शोधू लागतो आणि रणगाड्यासारखे जे दिसेल त्याच्यावर झेपावतो. पहिल्यात यंत्र माणसाची निवड पूर्ण करते. दुसऱ्यात निवडच यंत्र करते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ३०००.०९ क्रमांकाच्या निर्देशात, जो २०१२ मध्ये निघाला आणि २०२३ मध्ये सुधारला गेला, स्वायत्त शस्त्राची व्याख्या याच रेषेवर केली आहे: एकदा सुरू केल्यावर माणसाच्या पुढील हस्तक्षेपाशिवाय जे लक्ष्य निवडते आणि त्यावर मारा करते ते स्वायत्त शस्त्र. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समितीही जवळपास असेच म्हणते.

ही दोन कामे करणारा प्रोग्राम बहुतांशी एकच असतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. माग धरलेले वाहन धुरात दिसेनासे झाले तर पुढे काय करायचे, याचे उत्तर कोणी तरी लिहावे लागते. ‘परत शोध’ असे लिहिले आणि शोधाची कक्षा रुंद ठेवली, की पहिल्या प्रकारचे शस्त्र कोणाच्याही नकळत दुसऱ्या प्रकारचे होते. ‘वर चढ आणि मोहीम सोडून दे’ असे लिहिले तर ते पहिल्याच प्रकारचे राहते. यंत्राने कधी काय करावे हे ठरवणाऱ्या विनिर्देशाच्या दस्तऐवजात हा प्रसंग कसा हाताळला आहे ते शोधा. तो हाताळलेलाच नसेल तर त्याचे उत्तर एखादा थकलेला प्रोग्रामर मुदतीच्या आदल्या रात्री ठरवेल, आणि तो प्रोग्रामर तुम्हीही असू शकता.

अचूकतेचा मुद्दा तुम्ही काढलेला नाही, पण तो तुमच्यासमोर येणारच आहे. ‘आमचे मॉडेल नव्व्याण्णव टक्के अचूक आहे’ हे वाक्य बैठकीत ऐकू आले तर एक साधा हिशेब मांडा. समजा एखाद्या प्रदेशात दहा हजार वाहने आहेत आणि त्यातली वीस लष्करी आहेत. मॉडेल लष्करी वाहन कधीच चुकवत नाही आणि शंभर नागरी वाहनांमागे एकच चुकीने लष्करी ठरवते, असे धरू. वीस खरी वाहने सापडतील, आणि त्यांच्यासोबत सुमारे शंभर ट्रॅक्टर, मालमोटारी आणि माणसांनी भरलेल्या गाड्याही. स्क्रीनवर उमटणाऱ्या दर सहा चौकटींपैकी पाच चुकीच्या असतील. मोकळ्या रणभूमीवर, जिथे लष्करी वाहनांखेरीज काहीच नाही, तेच मॉडेल उत्तम ठरेल. म्हणजे अचूकता ही मॉडेलच्या एकट्याच्या अंगी असलेली गोष्ट नाही. ते कुठे वापरले जाते यावर ती अवलंबून असते, आणि कुठे वापरायचे हे तुमच्या कंपनीच्या हातात नाही, जोपर्यंत ती मर्यादा तुम्ही यंत्रातच बांधून देत नाही.

त्यात समोरचा पक्ष स्वस्थ बसत नाही. पुलाच्या भेगेला तुमच्या मॉडेलला फसवण्यात काही स्वारस्य नसते, शत्रूला असते. तो जाळी टाकतो, रंग बदलतो, लाकडी आणि फुगवलेले रणगाडे उभे करतो. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील विद्यार्थ्यांच्या एका गटाने त्रिमितीय छपाईने केलेले कासव नामांकित मॉडेलला जवळपास प्रत्येक कोनातून रायफल वाटेल, असा त्याचा पृष्ठभाग रंगवून दाखवला होता. माणसाच्या डोळ्यांना ते कासवच दिसत होते. शिवाय, मॉडेल चुकते तेव्हाही ते अनेकदा पूर्ण आत्मविश्वासाने चुकते. चौकटीच्या कोपऱ्यात लिहिलेला ०.९७ हा आकडा खरी शक्यता आहे असे ऑपरेटर धरून चालतो. प्रशिक्षणाच्या डेटाहून वेगळ्या हवामानात, वेगळ्या भूभागात त्या आकड्याला काय अर्थ उरतो, हे तपासून सांगण्याची जबाबदारी तुमच्या गटाची आहे.

तुमच्या दादांचे म्हणणे मी हलके मानत नाही. ज्याच्या अंगावर गणवेश आहे त्याला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही, आणि त्यांच्या बाजूने बरेच काही सांगता येते. युद्धनौकेकडे झेपावणारे क्षेपणास्त्र काही सेकंदांत येऊन धडकते. ते पाडणारी फॅलेंक्ससारखी तोफ स्वयंचलितपणे चालावी यात मला काहीही गैर वाटत नाही, कारण तिचे लक्ष्य समुद्रावरचे क्षेपणास्त्र असते. रोबोशास्त्रज्ञ रोनाल्ड आर्किन यांनी तर असा युक्तिवाद केला आहे की यंत्राला भीती वाटत नाही, सूड घ्यावासा वाटत नाही, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी आधी गोळी झाडण्याची त्याला गरज नसते, म्हणून योग्य बंधने घातल्यास ते काही प्रसंगी माणसापेक्षा अधिक संयमाने वागू शकेल. अंदाजाने डागलेल्या तोफगोळ्यांपेक्षा एका विशिष्ट वाहनावर जाणारा ड्रोन आसपासच्या माणसांना कमी घातक ठरतो, हेही अनेकदा खरे असते.

तरीही एक गोष्ट या सगळ्या युक्तिवादातून सुटते. सैनिक गोळी रोखतो ती केवळ लक्ष्य ओळखता न आल्यामुळे नव्हे. रणगाडा ओळखू येतो, पण त्याच्या झडपेतून कोणी पांढरे कापड हलवत असतो. वाहन लष्करीच असते, पण त्यातून जखमींना नेले जात असते. शरण आलेल्यावर किंवा जखमी होऊन लढण्यास असमर्थ झालेल्यावर हल्ला करता येत नाही, हे जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलमध्ये लिहिलेले आहे आणि सैनिकांना ते शिकवलेही जाते. त्याच कायद्यानुसार अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होणार असेल तर हल्ला थांबवावा लागतो. तो लाभ दर तासाला बदलतो. काल मोक्याचा असलेला ट्रक आज, युद्धविराम जवळ आलेला असताना, तितका मोलाचा नसतो. हे तोलून पाहण्यासाठी लागणारा संदर्भ छायाचित्रात नसतो, म्हणून कितीही चांगले छायाचित्र वाचणारे मॉडेल ते करू शकत नाही. ते काम त्या दिवशी, त्या ठिकाणची परिस्थिती माहीत असलेल्या माणसालाच करावे लागते, आणि त्याला ते करता यावे इतपत शस्त्राचा वावर स्थळाने आणि काळाने मर्यादित असावा लागतो.

कायदा या बाबतीत कुठे उभा आहे, हे तुम्हाला माहीत असायला हवे, कारण ‘सगळे कायदेशीर आहे’ असे तुम्हाला सांगितले जाईल. स्वायत्त शस्त्रांवर बंदी घालणारा किंवा त्यांचे नियमन करणारा स्वतंत्र आंतरराष्ट्रीय करार आज अस्तित्वात नाही. काही पारंपरिक शस्त्रांवर निर्बंध घालणाऱ्या १९८० च्या कराराच्या चौकटीत जिनिव्हामध्ये २०१४ पासून चर्चा चालू आहे. २०१९ मध्ये तिथे अकरा मार्गदर्शक तत्त्वे मान्य झाली, आणि शस्त्र वापरण्याच्या निर्णयाची जबाबदारी माणसाकडेच राहिली पाहिजे, ती यंत्रावर ढकलता येत नाही, असे त्यातल्या एका तत्त्वात म्हटले आहे. पण ती तत्त्वे बंधनकारक नाहीत आणि तिथले निर्णय सर्वसहमतीने होत असल्यामुळे मोजकी राष्ट्रेही गाडी अडवू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत डिसेंबर २०२४ मध्ये या विषयावरच्या ठरावाच्या बाजूने १६६ मते पडली, विरोधात ३ आणि १५ राष्ट्रे तटस्थ राहिली. सरचिटणीस अँतोनियो गुटेरेस यांनी २०२६ पर्यंत बंधनकारक करार व्हावा असे आवाहन केले. युरोपीय संघाचा २०२४ चा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कायदा पुष्कळ कडक आहे, मात्र लष्करी उपयोग त्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. तेव्हा तुमच्या कंपनीने कायदा मोडलेला नाही हे खरे असू शकते, पण त्यातून एवढेच कळते की जिथे नियम असायला हवे होते तिथे अजून ते झालेले नाहीत.

करार होतच नाहीत असे समजून निराश होण्याचे कारण नाही. माणसाला कायमचे आंधळे करणाऱ्या लेझर शस्त्रांवर १९९५ मध्ये, ती रणांगणावर सर्रास येण्यापूर्वीच, याच १९८० च्या कराराखाली बंदी घातली गेली. भूसुरुंग, जो एका अर्थाने सर्वांत जुने आणि सर्वांत आंधळे स्वायत्त शस्त्र आहे, त्याच्यावरचा १९९७ चा बंदीकरार अनेक राष्ट्रांनी स्वीकारला. रेड क्रॉसच्या समितीने मे २०२१ मध्ये मांडलेली भूमिका मला सर्वांत सुज्ञ वाटते: ज्यांच्या परिणामांचा पुरेसा अंदाज बांधता येत नाही अशी आणि माणसांनाच लक्ष्य करण्यासाठी रचलेली स्वायत्त शस्त्रे पूर्णपणे निषिद्ध असावीत, आणि उरलेल्यांवर लक्ष्याचा प्रकार, क्षेत्र, कालावधी व मानवी देखरेख यांची कडक बंधने असावीत. करार होईपर्यंत अभियंत्याने ही बंधने स्वतःला लागू करून घ्यायला कोणाचीही परवानगी लागत नाही.

आता तुम्ही काय करावे, ते सांगतो. आपल्या वरिष्ठांना एक लेखी निवेदन द्या. त्यात मते मांडू नका, राजकारण आणू नका. फक्त प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर मागा. ऑपरेटर गप्प राहिला तर काय होते? संपर्क तुटल्यावर ड्रोन माणसाने दाखवलेल्या वाहनाचाच माग धरतो की नवे शोधतो? माग सुटला तर काय होते? शस्त्राच्या क्षेत्राला आणि वेळेला सॉफ्टवेअरमध्येच मर्यादा आहे का, आणि ती वापरणाऱ्याला काढून टाकता येते का? चाचण्या कोणत्या भूभागात, कोणत्या हवामानात, किती नागरी वाहनांच्या गर्दीत होणार आहेत, आणि निकाल वाईट आले तर प्रकल्प थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे? प्रत्येक निर्णयाची नोंद नंतर तपासता येईल अशी ठेवली जाणार आहे का? खरेदीदार राष्ट्राने या शस्त्राची कायदेशीर छाननी, जी पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलच्या कलम ३६ मध्ये सांगितली आहे, केली आहे किंवा करणार आहे का? आणि हेच मॉडेल पुढे माणसे ओळखण्यासाठी वापरले जाणार नाही, असे करारात लिहून मिळेल का?

उत्तरे समाधानकारक आली, म्हणजे मंजुरीशिवाय हल्ला नाही, संपर्क तुटल्यावर नवा शोध नाही, माग सुटला की मोहीम रद्द, आणि चाचण्यांना खरा नकाराधिकार, असे असेल, तर हे काम करायला माझी हरकत नाही. मी तर म्हणेन की अशा ठिकाणी तुमच्यासारखी झोप उडालेली व्यक्ती असणे बरे. ड्रोनने स्वतःच लक्ष्य शोधावे हेच अपेक्षित आहे असे उत्तर आले, किंवा माणसांचा डेटा मागितला गेला, तर तुम्ही या कामातून बाहेर पडावे असे माझे स्पष्ट मत आहे. उत्तरच आले नाही, टाळाटाळ झाली, तर तेही उत्तर समजा आणि दोन आठवड्यांहून अधिक वाट पाहू नका.

बाहेर पडणे आणि नोकरी सोडणे या दोन गोष्टी एक नाहीत. आधी पूल-धरणांच्या गटात बदली मागा, लेखी मागा, आणि कारण थोडक्यात नमूद करा. घर तुमच्या पगारावर चालते म्हणून तुम्ही संकोचून लिहिले आहे. त्यात संकोचण्यासारखे काही नाही. दुसरे काम हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये, असे मी सांगेन. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही असेल, म्हणून कोणतेही दस्तऐवज बाहेर नेऊ नका आणि या विषयावर बाहेर बोलण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्या. समविचारी सहकारी असतील तर निवेदनावर त्यांच्याही सह्या घ्या. २०१८ मध्ये ड्रोनने टिपलेल्या दृश्यांचे विश्लेषण करणाऱ्या ‘मेव्हन’ या लष्करी प्रकल्पाविरुद्ध गूगलच्या हजारो कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या, तेव्हा कंपनीने तो करार पुढे न वाढवण्याचा निर्णय घेतला आणि शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता न बनवण्याचे तत्त्व जाहीर केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते तत्त्व कंपनीने आपल्या यादीतून काढून टाकले. सह्यांचा परिणाम होतो, पण कंपनीचे वचन कंपनीच मागे घेऊ शकते. म्हणूनच तुमच्या अटी धोरणपत्रकात मान्य होऊन भागणार नाही, त्या करारात आणि कोडमध्ये उतरायला हव्यात.

‘मी नाही केले तर दुसरे कोणी करेल’ हा विचार तुमच्या मनात येत असेल. दुसरे कोणी करेलही, परंतु वरचे प्रश्न विचारल्यानंतर आणि ते नोंदीत गेल्यानंतर करेल. तत्त्वज्ञ रॉबर्ट स्पॅरो यांनी २००७ मध्येच दाखवून दिले होते की स्वायत्त शस्त्राच्या हातून अत्याचार घडला तर प्रोग्रामर, सेनाधिकारी आणि यंत्र यांपैकी कोणालाही न्याय्यपणे जबाबदार धरता येत नाही, अशी पोकळी निर्माण होते. तुमचे निवेदन त्या पोकळीत ठेवलेला एक कागद असेल. ज्या रात्री माझ्या त्या कारखान्यात खरा इशारा बंद केला गेला, त्या आधी मी असा कागद लिहिला असता तर पाळीवरच्या माणसाला एकट्याला चौकशीसमोर उभे राहावे लागले नसते.

निवेदन देण्यापूर्वी तुमच्या दादांशी एकदा निवांत बोला. प्रकल्पाचा तपशील न सांगताही बोलता येईल. हल्ला करावा की नाही हा वाद घालू नका. ज्याच्यासमोर ती स्क्रीन असेल त्या सैनिकाच्या जागी स्वतःला ठेवून उत्तर द्या, असे त्यांना म्हणा. मारा करण्याआधी त्यांना काय दिसायला हवे, कोणाशी बोलता यायला हवे, किती वेळ हवा, आणि ‘नको’ म्हटल्यावर वरिष्ठांनी जाब विचारला तर कशाचा आधार हवा, हे त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. ते जे सांगतील ते निवेदनाच्या पहिल्या पानावर, वापरकर्त्याची गरज म्हणून, घाला.